स्लिपर चॅपल: गोठा झालेल्या चॅपलकडे यात्रा परत आली, त्याची हकिकत

इंग्लंडच्या पूर्वेला, नॉरफोक परगण्यात, हॉटन सेंट जाइल्स नावाचं एक खेडं आहे. जवळून स्टिफ्की नावाची लहानशी नदी वाहते, दोन्ही बाजूंना शेतं आहेत आणि मधून एक अरुंद रस्ता जातो. त्या रस्त्याच्या कडेला साधारण १३४० च्या सुमारास बांधलेलं एक दगडी चॅपल, म्हणजे लहानसं प्रार्थनाघर, उभं आहे. एकच खोली, मनोरा वगैरे काही नाही. दर्शनी भिंतीत मात्र कोरीव दगडी नक्षीची खिडकी आहे आणि मूर्तींसाठी कोनाडे आहेत. एवढ्याशा वास्तूवर कारागिरांनी इतका जीव का ओतला असेल, असा प्रश्न पहिल्यांदा पाहणाऱ्याला पडतोच. आत जेमतेम काही डझन माणसं मावतात. याला म्हणतात स्लिपर चॅपल. इंग्लंडच्या कॅथलिकांचं हे राष्ट्रीय मरियातीर्थ आहे आणि २०१५ च्या डिसेंबरात पोप फ्रान्सिस यांनी त्याला बॅसिलिकेचा, म्हणजे खास मान दिलेल्या देवळाचा, दर्जा दिला.

मधली जवळजवळ चारशे वर्षं या जागेत कसलीही उपासना झाली नाही. कधी गरिबांना राहायची जागा, कधी लोहाराची भट्टी, कधी धान्याचं कोठार, कधी गुरांचा गोठा, असे सगळे अवतार या खोलीने घेतले. तिथून ती पुन्हा यात्रास्थळ कशी झाली, याचा हा अभ्यास. माझं मत आधीच मांडतो. या प्रकरणात चॅपल वाचलं हे महत्त्वाचं आहेच, पण त्याच्यापुढचा मैलभराचा रस्ता पुन्हा चालता झाला, ते जास्त महत्त्वाचं आहे. दगड दुरुस्त झाले तेव्हा यात्रा सुरू झाली नाही. लोक चालायला लागले तेव्हा झाली.

आधी वॉल्सिंगम समजून घ्यायला हवं

स्लिपर चॅपलला स्वतःचं असं मोठं माहात्म्य कधीच नव्हतं. माहात्म्य होतं ते तिथून मैलभर पुढे असलेल्या वॉल्सिंगम गावाचं. परंपरा अशी की १०६१ साली रिचेल्डिस द फाव्हर्श नावाच्या तिथल्या एका खानदानी विधवेला मरियामातेने दर्शन दिलं, नाझरेथमधलं आपलं घर दाखवलं आणि त्याच मापाचं घर इथे बांधायला सांगितलं. ही कथा आणि हे साल पंधराव्या शतकाच्या अखेरीस छापलेल्या एका पोवाडावजा काव्यातून आपल्यापर्यंत आलं आहे. इतिहासकार कागदपत्रांच्या आधाराने तीर्थाची स्थापना बाराव्या शतकात धरतात. त्याच शतकात ऑगस्टिनियन धर्मगुरूंचा मठ या ‘पवित्र घरा’शेजारी उभा राहिला आणि वॉल्सिंगम हे इंग्लंडचं नाझरेथ झालं.

ज्याला जेरुसलेमला जाणं परवडत नव्हतं, तो इथे यायचा. राजेही यायचे. तिसऱ्या हेन्रीपासून आठव्या हेन्रीपर्यंत बहुतेक इंग्लिश राजांनी इथे हजेरी लावली. आठव्या हेन्रीचं प्रकरण तर मन हेलावणारं आहे. १५११ च्या पहिल्या दिवशी त्याला मुलगा झाला, आणि त्याच महिन्यात तो आभार मानायला वॉल्सिंगमला आला. जवळच्या ईस्ट बार्शमपासून तो अनवाणी चालला, असं सांगतात. ते बाळ दोन महिन्यांचंही झालं नाही. फेब्रुवारीतच गेलं. दोन वर्षांनी फ्लॉडनच्या लढाईत स्कॉटलंडचा पराभव झाला, तेव्हा राणी कॅथरीनही इथे येऊन गेली. विद्वान इरॅस्मसही आला होता. पुढे त्याने या यात्रेवर लॅटिनमध्ये एक खोचक संवाद लिहिला, आणि मठाच्या आतल्या वागणुकीची बरीचशी माहिती आपल्याला त्यातूनच मिळते.

वॉल्सिंगमकडे येणाऱ्या वाटांवर जागोजाग चॅपलं होती. लंडनकडून येणाऱ्या मुख्य वाटेवरचं शेवटचं म्हणजे हे स्लिपर चॅपल. पंढरीच्या वाटेवर वाखरीला जे स्थान, तेच इथे याचं. देव अजून पुढे आहे, पण मन इथेच तयार करायचं. परंपरा सांगते की यात्रेकरू इथे प्रार्थना करायचे, पापनिवेदन करायचे, जोडे काढायचे आणि उरलेला मैल अनवाणी चालायचे. चॅपल अर्पण केलेलं आहे अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरीनला. सिनाई पर्वताच्या पायथ्याच्या मठामुळे पवित्र भूमीच्या यात्रेकरूंशी तिचं नाव जोडलेलं. म्हणजे पॅलेस्टाइनकडे जाणाऱ्याला सिनाईवर जी संत भेटते, तीच इंग्लंडच्या नाझरेथकडे निघालेल्याला नॉरफोकच्या शेतात भेटावी, अशी ही योजना. ज्याने कुणी ती केली, त्याला यात्रा म्हणजे काय ते नीट कळलं होतं.

१५३८: मोठं पडलं, लहान राहिलं

आठव्या हेन्रीने रोमशी संबंध तोडले आणि मठ बरखास्त करायला सुरुवात केली. १५३७ साली वॉल्सिंगम परिसरात विरोधाची कुजबुज सुरू झाली, उठावाची आखणी झाली आणि ती फुटली. मठाचे उपप्रमुख निकोलस माइलहॅम यांच्यासह काही जणांना देहदंड झाला. माइलहॅम यांना तर वॉल्सिंगममध्येच मारलं गेलं. मठाचे प्रमुख रिचर्ड व्हॉवेल मात्र राजाच्या माणसांना सामील झाले आणि त्यांना वर्षाला १०० पौंडांचं निवृत्तिवेतन मिळालं. १५३८ च्या उन्हाळ्यात मरियेची मूर्ती लंडनला नेली आणि चेल्सीत जाळली. मठाची जागा पुढे थॉमस सिडनी या स्थानिक माणसाला ९० पौंडांना विकली गेली. पवित्र घर नाहीसं झालं. मठाच्या देवळाची आज पूर्वेकडची एक उंच कमान तेवढी हिरवळीवर उभी आहे.

या सगळ्या काळातली एक बारीकशी नोंद मला फार बोलकी वाटते. वॉल्सिंगमच्या मरियेपुढे राजाच्या नावाने जळणाऱ्या मेणबत्तीचा खर्च वर्षानुवर्षं राजाच्या हिशेबात लिहिला जायचा. १५३८ च्या हिशेबात त्या मेणबत्तीपुढे लिहिलंय: काही नाही.

मग स्लिपर चॅपल कसं टिकलं? माझ्या मते, घेण्यासारखं तिथे काही नव्हतं म्हणून. प्रसिद्ध मूर्ती नाही, सोनंनाणं नाही, मोठ्या जमिनी नाहीत, राहणारा धर्मगुरूंचा संघ नाही. राजाच्या अधिकाऱ्यांना मठ आणि मूर्ती हवी होती. वाटेवरची खोली पाडायला मजुरी कोण घालणार? आणि खोली भक्कम असल्यामुळे शेतकऱ्याला ती उपयोगाची होती. गोठा झाला हा अपमान खरा, पण गोठा झाला म्हणूनच छप्पर डोक्यावर राहिलं. जी जागा कुणाच्याच कामाची नसते तिचे दगड चार पिढ्यांत लोक घरच्या कुंपणाला नेतात. जुन्या वास्तूंच्या बाबतीत आपण ‘गैरवापर झाला’ असं चटकन म्हणतो. या प्रकरणात त्या वापराचे आभारच मानायला हवेत.

एक बाई आणि तिचा विकत घेण्याचा हट्ट

इंग्लंडमध्ये कॅथलिकांवरचे बहुतेक निर्बंध १८२९ साली उठले, १८५० साली धर्मप्रांतांची रचना पुन्हा उभी राहिली. पण नॉरफोकमध्ये कॅथलिक मूठभर, आणि जे होते ते बहुतांशी गरीब. अशा वेळी शार्लट पियर्सन बॉइड या बाई पुढे आल्या. जन्म १८३७, मकावचा. अँग्लिकन, म्हणजे रोमपासून वेगळ्या झालेल्या इंग्लंडच्या चर्चच्या, घरातल्या, वारसाने पैसा मिळालेल्या, अविवाहित. लंडनच्या किलबर्न भागात त्यांनी अनाथ मुलांसाठी आश्रम चालवला. लहानपणी ग्लास्टनबरीच्या मठाचे अवशेष पाहून त्यांनी मनाशी ठरवलं होतं, असं सांगतात, की मोडलेली धर्मस्थळं पुन्हा उपासनेला मिळवून द्यायची. त्यासाठी त्यांनी निधी उभारला. केंट परगण्यातला मॉलिंगचा जुना मठ विकत घेऊन तो अँग्लिकन धर्मभगिनींच्या हवाली केला.

स्लिपर चॅपल विकत घ्यायची बोलणी त्यांनी सुरू केली तेव्हाही त्या अँग्लिकनच होत्या. व्यवहार पुरा होईतो, १८९४ साली, त्या कॅथलिक झाल्या. १८९६ साली चॅपल त्यांच्या ताब्यात आलं. त्यांनी ते कॅथलिक चर्चला देऊ केलं. नॉरफोक तेव्हा नॉर्थॅम्प्टन धर्मप्रांतात होतं, आणि तिथल्या बिशपना या देणगीचं फारसं अप्रूप वाटलं नाही. एका बाजूने पाहिलं तर त्यांचंही चुकलं असं म्हणवत नाही. भाविक नसलेल्या खेड्यातली, दुरुस्तीला आलेली एक खोली ते कुठल्या पैशांनी सांभाळणार? शेवटी बाईंनी चॅपल डाउनसाइडच्या बेनेडिक्टाइन मठाला दिलं. डाउनसाइड आहे सॉमरसेटमध्ये, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाला.

इथून या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा टप्पा सुरू होतो.

दुरुस्त झालेलं, पण बंद

१८९७ साली पोप तेरावे लिओ यांनी वॉल्सिंगमच्या मरियेचं तीर्थ पुन्हा स्थापन करायला मान्यता दिली. पण तीर्थ स्थापन झालं कुठे, तर किंग्ज लिन या बंदराच्या गावातल्या कॅथलिक देवळात, वॉल्सिंगमपासून चांगलं चाळीसेक किलोमीटर दूर. तिथे मूर्ती आली आणि दुसऱ्या दिवशी, २० ऑगस्ट १८९७ ला, एक लहानसा जथा स्लिपर चॅपलला जाऊन आला. धर्मसुधारणेच्या, म्हणजे इंग्लंड रोमपासून तुटलं त्या काळानंतरची वॉल्सिंगमची ही पहिली जाहीर कॅथलिक यात्रा. पण मूर्ती एका गावी, मूळ जागा दुसऱ्या गावी, आणि मालक तिसऱ्याच परगण्यात.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला थॉमस गार्नर या वास्तुतज्ज्ञांच्या देखरेखीखाली चॅपलची दुरुस्ती झाली. काम उत्तम झालं. आणि मग? कुलूप. मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची वेदीवरची मुख्य उपासना, नाही, दिवा नाही, धर्मगुरू नाही. बाई १९०६ साली वारल्या. आपल्या पैशाने सोडवलेल्या त्या वेदीवर मिस्सा झालेला पाहणं त्यांच्या नशिबी नव्हतं. १८९७ पासून १९३४ पर्यंत सदतीस वर्षं ही वास्तू कॅथलिकांच्या मालकीची होती, पोपची मान्यता पाठीशी होती, मध्ये दुरुस्तीही झाली होती, आणि तरीही नियमित यात्रा नव्हती.

कारणं सरळ आहेत. निर्णय घेणारा जवळ नव्हता. जवळ असणाऱ्याकडे मालकी नव्हती. तीर्थाची भक्ती दुसऱ्या गावी बसवलेली. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे रोज दार उघडणारं, मेणबत्ती लावणारं, आलेल्याला पाणी विचारणारं माणूस तिथे नव्हतं. वास्तू जतन करणाऱ्या लोकांना हे सांगितलेलं आवडत नाही, पण जतन हे काम पुरं झालं की संपतं. उपासना हे रोजचं काम आहे.

शेजाऱ्याने दाखवलेली वाट

कोंडी फुटली ती अनपेक्षित बाजूने. १९२१ साली वॉल्सिंगमच्या अँग्लिकन देवळात आल्फ्रेड होप पॅटन नावाचे नवे धर्मगुरू आले. मठाच्या मध्ययुगीन शिक्कामोहोरेवरचं मरियेचं चित्र त्यांनी शोधलं, त्यावरून मूर्ती घडवली आणि १९२२ साली ती आपल्या देवळात बसवली. लोक यायला लागले. १९३१ साली त्यांनी गावातच नवं ‘पवित्र घर’ बांधून मूर्ती तिथे वाजतगाजत नेली. म्हणजे वॉल्सिंगमची यात्रा जिवंत झाली, पण ती अँग्लिकनांची. कॅथलिकांचं चॅपल मात्र मैलभरावर कुलूपबंद.

तीन वर्षांच्या आत कॅथलिकांची चक्रं फिरली. याला निव्वळ योगायोग म्हणणं मला जड जातं. नॉर्थॅम्प्टनचे नवे बिशप लॉरेन्स यूअन्स यांनी तीर्थ किंग्ज लिनहून स्लिपर चॅपलला आणायचं ठरवलं. १५ ऑगस्ट १९३४ ला, मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला, त्यांनी तिथे मिस्सा केला. सुधारणेनंतरचा त्या वेदीवरचा तो पहिला मिस्सा. चार दिवसांनी वेस्टमिन्स्टरचे कार्डिनल बोर्न देशभरच्या बिशपांना आणि दहा हजारांहून जास्त यात्रेकरूंना घेऊन आले आणि हे चॅपल राष्ट्रीय तीर्थ झालं. पुढे साडेचार महिन्यांत कार्डिनल वारले. ज्या रस्त्यावर वर्षानुवर्षं शेतकऱ्यांच्या गाड्यांशिवाय काही दिसलं नव्हतं, तिथे एका दिवसात दहा हजार माणसं चालली. दोन पंथांमधली चढाओढ म्हणा किंवा शेजाऱ्याचं पाहून आलेलं शहाणपण म्हणा, पण होप पॅटन नसते तर स्लिपर चॅपलचं कुलूप आणखी किती वर्षं राहिलं असतं, कोण जाणे.

आत मूर्ती बसली तीही त्याच मध्ययुगीन मोहोरेच्या नमुन्यावर. मरिया उंच पाठीच्या सिंहासनावर बसलेली, मांडीवर बाळ येशू, उजव्या हातात लिलीच्या फुलाचा राजदंड. राणी आहे, पण घरच्या बाईसारखी ऐसपैस बसलेली. आजची मूर्ती १९५४ सालची.

गर्दी आली, मग खोलीचं काय करायचं?

यात्रास्थळ चाललं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. काही डझन माणसांची खोली आणि हजारांची गर्दी. आपल्याकडच्या कुठल्याही तीर्थाच्या विश्वस्तांना हा प्रश्न समजावून सांगावा लागणार नाही. भिंत पाडून सभामंडप पुढे काढायचा, की जुनं आहे तसं ठेवून बाजूला नवं बांधायचं?

इथे जुनं तसंच ठेवलं. १९३८ साली बाजूला पवित्र आत्म्याचं छोटं चॅपल जोडलं. यात्रेकरू आज मेणबत्त्या लावतात त्या तिथे, म्हणजे जुन्या भिंतींवर काजळी धरत नाही. मोठ्या गर्दीसाठी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अंगणाच्या पलीकडे ‘समेटाचं चॅपल’ बांधलं. त्याचं रूप नॉरफोकच्या धान्याच्या कोठारासारखं आहे. उतरतं मोठं छप्पर, दिखाऊपणा नाही. दूरून पाहिलं तर शेतातलंच काही वाटावं. वेदीच्या मागची भिंत उघडते आणि बाहेरच्या हिरवळीवर बसलेल्या हजारो लोकांसाठी तीच वेदी खुली होते. आत काहीशे, बाहेर हजारो, एकच मिस्सा.

हा निर्णय मला पूर्ण पटतो. आणि तो पटण्याचं कारण सौंदर्याचं नाही. स्लिपर चॅपल मुळात थांबायची जागा नव्हतीच. जोडे काढायचे, प्रार्थना करायची, पुढे निघायचं. ती मोठी केली असती तर लोक तिथेच ठाण मांडून बसले असते आणि मैलभराची वाट विसरली गेली असती. खोली लहान ठेवल्यामुळे माणूस आत जातो, गुडघे टेकतो, दोन मिनिटांत मागच्याला जागा देतो.

वाटेची काळजी घेणारे प्रसंगही होत गेले. युरोपातलं दुसरं महायुद्ध संपलं त्याच महिन्यात, १७ मे १९४५ ला, नॉरफोकमधल्या तळांवरच्या अमेरिकन हवाईदलाच्या कॅथलिक सैनिकांनी मठाच्या जुन्या जागेवर मिस्सा घडवून आणला. १९४८ साली देशाच्या वेगवेगळ्या भागांतून चौदा गट ओकच्या लाकडाचा एकेक जड क्रूस खांद्यावर घेऊन, शांततेसाठी प्रार्थना करत, पायी वॉल्सिंगमला आले. ते चौदा क्रूस आज तीर्थाच्या आवारात क्रूसाच्या वाटेची, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटचालीची, चौदा स्थानं म्हणून उभे आहेत. रेल्वे होती तोवर खास गाड्या भरून लोक यायचे. १९६४ साली प्रवासी वाहतूक बंद पडली, रूळ उखडले गेले. वॉल्सिंगमचं छोटं स्टेशन १९६७ पासून ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचं प्रार्थनास्थळ आहे, आणि रुळांच्या जागी पायवाट झाली. रस्त्यावरच्या मोटारी चुकवून अनेक यात्रेकरू आता तिनेच चालतात. १९८२ साली पोप दुसरे जॉन पॉल इंग्लंडला आले तेव्हा त्यांना वॉल्सिंगमला जाता आलं नाही, म्हणून मूर्तीच लंडनला वेम्बली मैदानावर नेली आणि मिस्साच्या वेळी वेदीवर ठेवली.

आज कोण चालतं

या तीर्थाचं आजचं चित्र पाहताना मला सगळ्यात जास्त आनंद कशाचा होत असेल, तर यात्रेकरूंच्या चेहऱ्यांचा. इथल्या सगळ्यात मोठ्या यात्रांमध्ये दोन आपल्या उपखंडातल्या लोकांच्या आहेत. एक तमिळांची, ज्यात श्रीलंकेतल्या युद्धाने विस्थापित झालेली कुटुंबं मोठ्या संख्येने असतात, आणि त्यांच्याबरोबर हिंदू तमिळही येतात. दुसरी केरळच्या सिरो-मलबार कॅथलिकांची, दर जुलैची. इंग्लंडच्या इस्पितळांत आणि वृद्धाश्रमांत कामाला आलेली मल्याळी कुटुंबं बसगाड्या भरून येतात. रंगीत छत्र्या, पताका, चेंडा या केरळी ढोलाचा गजर, कसवूच्या किनारीच्या साड्या, आणि मधोमध फुलांनी सजवलेली मरियेची मूर्ती. गुरं बांधली जायची त्या आवारातून ही मिरवणूक निघते. वेलांकन्नीची किंवा आमच्या वसईकडची यात्रा ज्याने पाहिली आहे, त्याला यातलं काहीच परकं वाटणार नाही.

हे सगळं नोंदवायचं कारण असं, की इंग्लंडमध्ये रविवारी देवळात जाणारी माणसं कमी होत असताना हे तीर्थ भरतं आहे ते बऱ्याच अंशी बाहेरून आलेल्यांमुळे. १९३४ साली जो प्रश्न मालकी आणि अंतराचा होता, तो आता राहिलेला नाही. नॉरफोक १९७६ पासून ईस्ट अँग्लिया या नव्या धर्मप्रांतात आहे, आणि आवारात राहून रोजची उपासना चालवणारे धर्मगुरू आहेत. २९ मार्च २०२० ला, करोनामुळे देशातली सगळी देवळं बंद असताना, इंग्लंड पुन्हा मरियेला अर्पण करण्याचा विधी ठरल्या दिवशीच पार पडला. लोकांनी तो घरोघरी पडद्यावर पाहून त्यात भाग घेतला. बंदी उठल्यावर तेच लोक पायी यायला लागले. चॅपलपाशी आजही काही जण जोडे काढतात. डांबर तापलेलं असलं तर कडेच्या गवतातून चालतात, हातात जपमाळ असते, आणि वॉल्सिंगम यायच्या आत जपमाळेची पाचही रहस्यं, म्हणजे प्रार्थनेचे पाच टप्पे, पुरी होतात.